अक्का, तुझा नंबर आधी होता

अक्का, काल तुझा दहावा झाला. नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरकायच्या आत कावळा येऊन शिवलासुद्धा. इतका लगेच, की भटजींना हातातला तांब्या खाली ठेवायला सवड मिळाली नाही. घाटावरच्या बायका एकमेकींकडं बघून माना हलवायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "सोन्यावानी बाई. कशातबी जीव आडकला न्हवता तिचा." मग सगळ्यांनीच तेच लावून धरलं. आत्यांनी डोळ्याला पदर लावला आणि सांगितलं, "माझी थोरली सून कवा कुणाला खोळंबून ठिवणारी न्हवती."

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. अगं, मेल्यावर तरी माणसं हट्ट करतात! दुसऱ्यांच्या दहाव्याला आपण दोघींनी उन्हात किती ताटकळत काढलंय. कुणाचा कावळा धाकट्या पोराचं लग्न कबूल केल्याशिवाय शिवत नाही, कुणाचा विहिरीच्या वाटणीवरून अडून बसतो, आणि शेवटी भटजी वैतागून दर्भाचा कावळा करतात. तू मात्र उन्हं चढायच्या आत आटोपतं घेतलंस. मी त्या कावळ्याला हाकलायला हात उचलला होता. यांनी माझा दंड धरला म्हणून, नाहीतर मी त्याला उडवून लावलंच असतं.

आधी एक सांगते. चारचौघांत मी तुला 'अक्का, तुम्ही' म्हणायचे, कारण तू थोरली जाऊ आणि मी धाकटी. शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीच्या ओळीत आपण दोघीच असलो की 'तू'. हे बोलणं त्या ओळीतलं आहे. इथं आत्या नाहीत, भाऊजी नाहीत, तेव्हा मी आवाज चढवणार आहे आणि तू मला 'हळू बोल गं' म्हणायचं नाहीस.

तू गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेलीस. लोक 'मोठा आजार' म्हणतात, आत्या तर 'पोटाचं दुखणं' म्हणून मोकळ्या होतात. मी नाव घेऊन सांगते, कारण ते नाव कुणी घ्यायचं नाही या चालीनंच तुझा निम्मा घात केला. बाकीचा निम्मा एका मशीननं केला. म्हणजे मशीननं नाही, ते बिचारं काय करणार. ते धूळ खात पडू देणाऱ्यांनी केला. आणि थोडा तुझा तू केलास, हेही मी आज बोलणार आहे.

मी लग्न होऊन अंथुर्ण्यात आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती आणि राग आवरता येत नव्हता. पहिलं तू शिकवलंस. दुसऱ्याचा नाद सोडलास, म्हणालीस, "असू दे, घरात एक तरी तिखट पायजे." मी बारामतीच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा सुनेनं रोज एसटीनं जावं का, यावर घरात चांगली खडाजंगी झाली होती. त्या वादात तू एक अक्षर बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात डबा ठेवलास, वर कापडाची गाठ मारून. मग रोज. तुझ्या त्या डब्यावर माझी नोकरी टिकली, अक्का. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "हॅट, दोन भाकरी तर आसत्यात."

आणि तुझं स्वतःचं जेवण? पुरुष जेवले, पोरं जेवली, आत्या जेवल्या, मी जेवले, की मग तू. मी कितीदा म्हटलं, आपण दोघी बरोबर बसू. तर तुझं काहीतरी निघायचंच, म्हशीला पाणी, नाहीतर विरजण. तव्यावरची शेवटची करपलेली भाकरी तू घ्यायचीस आणि वर सांगायचीस, मला अशीच आवडते. कुणाला करपलेली भाकरी आवडते गं?

तो शिबिराचा दिवस आठवतो? अंगणवाडीच्या बाई घरोघर सांगून गेल्या होत्या, सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई येणार, तिशीच्या पुढच्या बायकांनी तपासून घ्या. मी शाळेत रजा टाकली. तुला अक्षरशः ओढत नेलं. बसमध्ये तू सारखं एकच म्हणत होतीस, "मला कुठं काय होतंय?" तुझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दवाखान्यातल्या सिस्टरसाठी चार ढोबळ्या मिरच्या. तपासायला जाताना मिरच्या नेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तपासणी म्हणजे काय, तर आंबूस वासाचं पाणी लावायचं आणि जरा वेळ बघायचं. जिथं बिघाड असेल तो भाग पांढरा पडतो. माझ्यात पांढरा डाग निघाला, तुझ्यातही निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, खुर्ची पुढं ओढून आपल्या दोघींना समजावून सांगत होत्या. हा कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी आहे, पण असंच सोडून दिलं तर पुढं त्याचाच कॅन्सर होऊ शकतो. आज, इथंच, हा भाग गोठवून टाकू. मेलेला भाग गळून जाईल, खाली नवी कातडी येईल. भूल नाही, टाके नाहीत, अॅडमिट व्हायचं नाही.

मग त्यांनी मशीन दाखवलं. पिस्तुलासारखी मूठ, पुढं लांब दांडी, दांडीच्या टोकाला धातूची गुळगुळीत टिकली. मुठीतून निघालेली नळी खाली उभ्या असलेल्या गॅसच्या सिलिंडरला जोडलेली, आणि सिलिंडरच्या डोक्यावर काटा असलेली तबकडी. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "आगं, ही तर फवारायची गन!" डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. त्या म्हणाल्या, तसंच समजा, फक्त यातून औषध उडत नाही, टिकली बर्फासारखी गार होते आणि आपण ती टेकवून धरतो.

नंतर त्यांनी पथ्य सांगितलं. काही आठवडे अंगावरून पाण्यासारखं जाईल, घाबरायचं नाही. आणि महिनाभर नवऱ्यापासून लांब राहायचं, आतली जखम भरू द्यायची.

तू विचारलंस, "आन् न्हाय जमलं तर?"

"जमवायचं हो," बाई म्हणाल्या. "सांगा त्यांना, डॉक्टरांनी बजावलंय म्हणून."

तू हसलीस. मीही हसले. तो प्रश्न तू किती खरा विचारला होतास, हे मला फार उशिरा कळलं.

बाहेर सिस्टरनं नाव पुकारलं. पहिलं नाव तुझं होतं. मी थोरली-धाकटी असं म्हणत नाही, तिनं तुझंच नाव पहिलं पुकारलं होतं. तू उठलीस, पदर सारखा केलास आणि मला पुढं ढकललंस. "हिला आधी घ्या वो. हिला बारामतीला शाळंत जायाचंय, गाडी चुकंल." सिस्टर घाईत होती, तिनं माझा हात धरला आणि आत नेलं.

मला कुठल्या शाळेत जायचं होतं, अक्का? मी रजा टाकली होती. तुला माहीत होतं. सकाळी माझा डबासुद्धा केला नव्हतास तू.

आत मला टेबलावर घेतलं. टिकली टेकली, गॅस सोडला, फुस्स करून आवाज आला. पोटात गार कळ आली, पाळीत येते तशी, सोसण्यासारखी. गोठवलं, जरा थांबले, वितळू दिलं, परत गोठवलं. झालं. एवढंच. मी चपला घालून बाहेर आले आणि तुला म्हटलं, "जा, काही नाही." तू आत गेलीस, मी दारात उभी राहिले, तू टेबलावर झोपलीस. सिस्टरनं चावी फिरवली आणि तबकडीवरचा काटा खाली पडला. तो फुस्स आवाज सुरू झाला आणि विरून गेला. डॉक्टरीणबाईंनी सिलिंडर हलवून पाहिला, तबकडीवर टिचकी मारली. दुसरा सिलिंडर भरलेला असेल असं त्यांना सांगितलं होतं, तो निघाला रिकामा. अर्धवट गोठवून चालत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "पुढच्या आठवड्यात सिलिंडर येईल, पहिलं तुमचंच करू," असं त्यांनी तुला हात धरून सांगितलं.

आणि तू? शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर पोरं बाहेर येतात तशी तू बाहेर आलीस. "बरं झालं बाई, उद्या मिरचीचा तोडा हाय." येताना बसमध्ये मला खिडकीची जागा दिलीस आणि भेळ घेऊन दिलीस, कारण मी आता पेशंट.

पुढचा महिनाभर तू माझ्यासाठी जे केलंस, ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि मग रडू येतं. आत्यांना खरं सांगायची सोय नव्हती. तू त्यांना सांगितलंस की शुभानं महिनाभराचा नेम धरलाय, देवीचा, तिला वेगळं झोपावं लागतं, आणि कशासाठी ते विचारायचं नसतं. आत्या खूश. शिकलेली सून देवाधर्माला लागली म्हणून त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं. मला रोज देवीपुढं दिवा लावायला लागला तो तुझ्यामुळं. हे बिचारे ओसरीवर झोपले, कुरकुर न करता. मी यांना पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. तू माझ्या वाटची धुणी केलीस, पाणी भरलंस, अंगावरून जातंय म्हणून जुन्या साड्यांच्या घड्या करून माझ्या उशाशी ठेवल्यास.

मी तुला तेव्हा विचारलं होतं, "आणि तुझा नंबर आला की तुझा नेम आत्यांना कोण सांगणार?" तू म्हणालीस, "माझं बघू." तोंडात आलेलं काहीतरी तू गिळलंस. मी तुला बरीच वर्षं ओळखत होते, गिळलेलं मला दिसायचं.

पुढचा आठवडा आला, सिलिंडर आला नाही. महिना गेला. मी फोन केला, 'मागणी पाठवलीय.' परत केला, 'वरून यायचाय.' मग त्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली आणि सिस्टर म्हणाली, आता मशीन चालवणारंच कुणी नाही. मग कोरोना आला आणि दवाखान्याला दुसरं काही दिसेना. तो गेल्यावर मी पुन्हा विचारायला लागले, तर नवीन माणसं मलाच विचारायची, कुठलं मशीन?

आणि तुला त्याचं दुःख नव्हतं. हेच मला सहन होत नाही. कुणीही दवाखान्याचा विषय काढला की तू तयारच असायचीस, "सिलिंडर कुठं आलाय अजून? आल्यावर जाईन की." त्या रिकाम्या सिलिंडरनं तुला सबब दिली आणि तू ती पदराला गाठ मारून जपून ठेवलीस. मी म्हणायचे, बारामतीला चल, एवढे मोठे दवाखाने आहेत, माझ्या शाळेपासून चालत जाता येतं. तुझं ठरलेलं, तोडा झाला की. तोडा कधी होतो का गं मिरचीचा? एक झाला की दुसरा लागतो.

ती खंडेनवमी तर मी जन्मात विसरणार नाही. आत्यांचं बीपीचं औषध आणायला आपण दोघी दवाखान्यात गेलो होतो. आपल्याकडं सकाळीच ट्रॅक्टरला, पाण्याच्या मोटरीला, विळ्या-खुरप्यांना हार घालून झाले होते. तिथं सिस्टरही पूजेच्या गडबडीत होती. बीपीचं मशीन, वजनकाटा, कात्र्यांचा ट्रे, सगळं टेबलावर मांडलेलं. आणि त्यांच्या मधोमध आपलं मशीन! कपाटातून काढून, पुसून, मुठीला हळदकुंकू, दांडीला झेंडूची माळ. बाजूला तो सिलिंडर, त्याच्या पोटावर कुंकवाचं स्वस्तिक. मी विचारलं, यात गॅस आहे का? सिस्टर म्हणाली, "न्हाय ओ मॅडम, पण दरवर्षी पुजतो. मशीन हाय ना ते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बोलायला तोंड उघडणार, तर शेजारी बघते तो काय, तू चप्पल काढून त्या मशीनला हात जोडून उभी! डोळे मिटलेले. मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. म्हटलं, अगं, नमस्कार कसले करतेस, ते तुझ्यासाठी चालायचं होतं, तुझ्यापुढं मांडायचं नव्हतं! बाकावरच्या बायका बघायला लागल्या. तू डोळे उघडलेस, पेढा घेतलास, निम्मा मला दिलास आणि म्हणालीस, "असू दे गं. आज नवमी हाय, चांगलं बोलावं." तो पेढा मी खाल्ला नाही. बसस्टँडवरच्या कुत्र्याला घातला.

त्याच आठवड्यात आपलं ते शेडनेटमधलं भांडण झालं. क्रेट भरत होतो. मी म्हटलं, उद्याच्या उद्या बारामती. तू नाही म्हणालीस. मी क्रेट लाथेनं उलटवला. तू खाली बसून एकेक मिरची परत गोळा करायला लागलीस आणि खाली बघतच बोललीस.

"शुभे, तुझा नवरा ऐकतो तुझं. मी काय सांगू आमच्या ह्येंना? महिनाभर लांब ऱ्हावा? कंच्या तोंडानं सांगू? आन् न्हाय ऐकलं, तर आत निम्मी जखम घिऊन मी काय करू?"

"विचारून तर बघ."

"आसलं कुणी इचारतं व्हय."

"मी विचारते भाऊजींना."

तेव्हा तू उठलीस. इतक्या वर्षांत तुझा आवाज मी तसा ऐकला नव्हता. "माझ्या गळ्याची आण हाय तुला. न्हाय इचारायचं." आणि मिरच्या भरायला लागलीस. त्या आणेवर आपलं भांडण थांबलं, ते अजून तिथंच आहे. आज मला एवढं कळतंय की शिबिराच्या दिवशी तू मला आधी पाठवलंस ते नुसत्या मायेनं नाही. तू मागं सरकलीस. तुला त्या खोलीत जायचं नव्हतं. शिबिराला आलेल्या बायका काल घाटावर सांगत होत्या, जावेसाठी स्वतःचा नंबर सोडणारी बाई. मी मागितला होता का तुझा नंबर? माझ्या अंगावर ते ओझं टाकून तू मोकळी झालीस आणि वर देवमाणूसही ठरलीस.

पुढचं सगळं भराभर झालं. शेडनेटच्या मागच्या तारेवर, मिरचीच्या आडोशाला, वाळत घातलेल्या जुन्या साड्यांचे तुकडे मला दिसले आणि मी समजले. पाळी जाऊनही तुझ्या अंगावरून जात होतं, आणि तू ते महिनेच्या महिने लपवलं होतंस. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी तपासणी झाली होती? कुणी काही सांगितलं होतं?" तू शांतपणे म्हणालीस, "न्हाय बा." म्हणजे तिथंसुद्धा तू सगळ्यांना सांभाळून घेत होतीस. दवाखान्याला, भाऊजींना, सिलिंडरला! मी सगळं सांगितलं. पांढरा डाग, मशीन, काटा खाली पडलेला, सगळं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं मी तुझी चोरी पकडून दिली.

नंतर रेडिएशनचा शेक देणं झालं, केमोची सलाईन झाली, तुझे केस गेले. तू हॉस्पिटलातही शेजारच्या बाईला आधी पाणी द्यायला सांगायचीस. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं, तरी मी डबा घेऊन आले की पुटपुटायचीस, "तू जेवलीस का?"

काल घाटावरून आल्यावर दुपारी भाऊजी ओसरीवर बसले होते, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. आण तुझ्या गळ्याची होती, आणि तुझा गळाच राहिला नाही, म्हणून मी ती मोडली. त्यांना सगळं सांगितलं. महिनाभराचं पथ्यसुद्धा, शब्द न चोरता. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी असलं बोलू नये. बोलले.

त्यांनी डोकं वर केलं. मग म्हणाले, "येवढंच? येवढ्यासाठनं? आरं, मी मळ्यात झोपलो आसतो. उन्हाळ्यात झोपतोच की." आणि ते रडायला लागले, मोठ्यानं, बाईमाणसासारखं.

अक्का, ते खरं बोलत होते का? मला माहीत नाही. बायको गेल्यावर सगळेच शहाणे होतात. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, ताटात मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस. कदाचित ते नाही म्हणाले असते. कदाचित खरंच घोंगडी उचलून मळ्यात गेले असते. ते आता कधीच कळणार नाही, कारण तू त्यांना विचारलंच नाहीस. त्यांच्या वतीनं 'नाही' तूच म्हणून टाकलंस. मला त्यांचा राग येत होता, तो त्या रडण्यापुढं कुठं ठेवावा ते कळेना. मी आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच परत.

तुझी लेक वैशू निमगाव केतकीहून दहाव्याला आलेली होती. ती आता तिशीच्या पुढं गेली. तुझ्यासारखंच बोलते, तुझ्यासारखीच सगळ्यांच्या मागून जेवते. रात्री मी तिला सांगितलं, सकाळी तयार राहा, दवाखान्यात जायचंय. आत्या म्हणाल्या, "तेरावा हुईपतुर उंबरा वलांडू नी." मी म्हटलं, "आत्या, सुतक मला लागू दे दोघींचं." आज सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो.

दवाखान्यात शिरले ती भांडायची तयारी करूनच. काय काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. आणि आत बघते तर मशीन टेबलावर जोडलेलं, सिलिंडर उभा आणि तबकडीवरचा काटा वर. नव्या डॉक्टरीणबाई आल्यात. मी सिस्टरला विचारलं, सिलिंडर कसा आला? ती म्हणाली, "ह्या बाईंनी बारामतीला गॅसवाल्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी टेम्पोनं आला." कधी? तू पुण्याला शेक घेत होतीस तेव्हा.

एक फोन! ज्या गॅसवाल्याकडून सोडावॉटरचे कारखाने गॅस भरून नेतात, त्याच्याकडचाच हा गॅस. इतकी वर्षं बारामतीत सोडा पिऊन ढेकर देणाऱ्या प्रत्येकाला तो मिळत होता, आणि तुझ्यासाठी वरून यायचा होता. मी काय बोलले ते सांगत नाही.  शेवटी सिस्टर एवढंच म्हणाली, "तुमच्या जाऊबाई मिरच्या आणायच्या ना? मला आठवतात." तिला माफ करावं असं मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

वैशूला तपासलं. तेच आंबूस पाणी. पांढरा डाग निघाला, लहानसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच गोठवू, आणि महिन्याचं पथ्य सांगितलं. वैशूनं मान खाली घातली. मला तुझी मान दिसली. मी तिच्या पर्समधून तिचा फोन काढला आणि व्हरांड्यात, सगळ्या बायकांच्या देखत, तिच्या नवऱ्याला लावला. म्हटलं, "जावईबापू, वैशूचं एक छोटं काम आहे दवाखान्यात. नंतर महिनाभर तुम्ही वेगळं झोपायचं. डॉक्टरांनी सांगितलंय आणि मी सांगतेय. जमेल का?" तिकडं ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.  मग म्हणाला, "बरं, काकी."

तुझ्या इतक्या वर्षांच्या भीतीला एवढंच लागलं असतं, अक्का. एक 'बरं'. नाही तर एक 'नाही', मग मी होतेच की भांडायला.

आम्ही बाकावर बसलो. शेजारी एक बाई, कडेला पिशवी, सारखी रस्त्याकडं बघणारी. सिस्टरनं नाव पुकारलं, वैशूचं. वैशू उठली, पदर सारखा केला आणि त्या बाईकडं वळली. "ह्यांना आधी घ्या वो," ती सिस्टरला म्हणाली. "ह्यांची गाडी हाय."

तोच पदर, तोच आवाज.  मी तिचा दंड धरला, बोटं उमटली असतील इतका घट्ट, आणि तिला आत ढकललं. दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून फुस्स आवाज आला. थांबला. आणि काही वेळानं परत आला, पूर्ण ताकदीनं.

बाकावरची बाई चुळबुळ करत म्हणाली, "लई येळ लागतोय वो. माझी गाडी जायची."

म्हटलं, "जाऊ द्या. थांबा."